बीबीला आखाजीचं बोलावणं

१

माझ्या चपला कुणीतरी फिरवून ठेवल्या होत्या.

एवढंच. कुणाला सांगावं असं यात काही नाही, हे मलाही कळतं. रोज्याच्या पायरीपाशी मी त्या घाईत काढल्या होत्या, एक तिरकी, एक जवळजवळ उपडी. आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा त्या जोडीनं, टाचेला टाच लावून, तोंडं बागेकडे करून मांडलेल्या होत्या. पाहुणी निघाली की घरातली मोठी बाई मांडते ना, तशा.

शेजारी काजलच्या चपला होत्या तशाच होत्या. तोंडं दाराकडे.

"ह्या तू फिरवल्या का?" मी विचारलं.

"मी तुन्हामागेच तं व्हती," काजल म्हणाली. ती अजून हसत होती, कारण मी आतून किंचाळत पळत आले होते. "पाय घाल पटकन. फरशी तापेल शे."

मी पाय घातले. चपला दीड वाजताच्या उन्हात होत्या. त्या तापायला हव्या होत्या.

२

त्या दिवशी मी मुऱ्हाळी होते. सासरी गेलेल्या लेकीला आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. काम भावाचं. आम्हा दोघींना भाऊ नाही आणि वडील, नाना, पपईच्या तोडणीतून सुटेनात, तेव्हा आई म्हणाली, एवढी नाशिकला शिकलीस, नवापूरहून बहिणीला आणता येत नाही का?

येतं. पण मला कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. रात्रभर मी गाडीची वेळ बघत होते. बॅगेची चेन लावलीय की नाही ते दर दहा मिनिटांनी चाचपत होते.

काजल माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला पाचवा महिना होता. मागच्या वर्षी एकदा पोटातलं गेलं होतं, म्हणून तिच्या सासूबाई, सिंधुबाई, तिला पाठवायला राजी नव्हत्या. त्यांच्या घरामागे कोंबड्यांची दोन शेडं. चव्वेचाळीस डिग्रीत पक्षी पटापट मरतात, पाण्याचे फवारे चालू आहेत की नाही ते बघायला दिवसभर माणूस लागतं.

"घर सुनं टाकीसन कोन जास वं?" त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या. "बाई माहेरले जास, मान्य शे. पन मांगे कोनी पाहिजे ना?"

"मावशी, पाचच दिवस," मी म्हटलं.

शेवटी ललित दाजींनीच बॅग उचलून रिक्षात ठेवली. निघताना सिंधुबाईंनी माझं मनगट धरलं. राग नव्हता त्यात, भीतीच होती.

"जशी लयी जाई ऱ्हायनी, तशीच माले आनी दे."

"हो मावशी."

"हो नको म्हनू. आनी दे."

खांडबारा स्टेशन मागे पडेपर्यंत मनगटावर त्यांची बोटं जाणवत होती. काजल खिडकीशी बसून करवंदं खात होती आणि अखंड बोलत होती. सासूबाईंच्या नकला, दाजींचं घोरणं, कोंबड्यांना नावं ठेवणारी शेजारीण. ती गप्प राहूच शकत नाही. झोपेतही बोलते.

नंदुरबारहून काळी-पिवळी जीप करून आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा सव्वा वाजला होता. नाना पिकअप घेऊन येणार होते. त्यांचा फोन आला, टायर बसलंय, अर्धा-पाऊण तास लागेल. "उनमा उभ्या नका ऱ्हावू. रोज्यामा जाईसन बसा."

म्हणजे तिथं जा असं नानांनीच सांगितलं होतं. हे मी स्वतःला नंतर बऱ्याचदा सांगितलं.

३

रोजा म्हणजे मुघलांच्या काळातली एक कबर, तिच्यावर घुमट आणि भोवती बाग. दारातल्या निळ्या पाटीवर संरक्षित स्मारक असं लिहिलंय, बाकीचा मजकूर उन्हानं खाल्लाय. बागेचे चार सारखे तुकडे आहेत, मधून दगडी पाटांच्या रेघा गेल्यात, मध्यभागी कोरडा हौद. पाटांतून आता पाणी नाही, चिंचोके आणि वेफर्सच्या पुड्या असतात. पण रायणीची आणि आंब्याची झाडं एवढी जुनी की भर उन्हात तिथं हिरवा अंधार असतो. आखाजीला त्यांच्याच फांद्यांना पोरी झोके बांधतात. त्या दिवशी हौदापलीकडच्या आंब्याला एक झोका आधीच टांगलेला होता.

आत कोण पुरलीय ते कुणालाच नक्की माहीत नाही. आम्ही बीबी म्हणतो. सुरतेकडून बऱ्हाणपूरला माहेरी निघाली होती आणि वाटेत इथंच गेली, एवढंच आजूबाजूच्या गावांत बोलतात. म्हणून एक रीत आहे. आखाजीला लेक घेऊन जो कुणी या वाटेनं जातो, त्यानं आत जाऊन बीबीलाही बोलवायचं. 'चाल वं माय, आखाजी उनी, माहेरले चाल.' आणि मग तिच्या वतीनं आपणच जबाब द्यायचा. 'पुढला सालले येसू.' पुढच्या वर्षी येईन. झालं. लहानपणी मी काकांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की त्यात भिण्यासारखं काही असेल असं कधी डोक्यातही आलं नाही. आजारी म्हातारीला लग्नाला चला म्हणतात, तसं. ती येणार नसते, पण बोलवायचं असतं.

दार बुटकं आहे, वाकून जावं लागतं. उन्हातून आत गेल्यावर क्षणभर काहीच दिसलं नाही. मग जाळीतून पडलेले उजेडाचे ठिपके दिसले, मग हिरवी चादर. पायांना गार फरशी लागली. फरशी इतकी स्वच्छ होती की मला बरं वाटलं. कडेच्या धुळीत खराट्याचे ताजे फराटे सुद्धा होते, अर्धगोल, एकाशेजारी एक. नुकतंच झाडलेलं.

"बोल ना मुऱ्हाळी," काजलनं मला कोपरानं ढोसलं. ते 'बोल ना' वर गेलं, घुमटात फिरलं आणि सावकाश खाली आलं. या घुमटाचं तसंच आहे. शब्द लगेच परत देत नाही, पण देतो.

मी हात जोडले. "चाल वं माय, आखाजी उनी. माहेरले चाल."

आणि थांबले. आपलं वाक्य खाली आलं की जबाब द्यायचा, तशी सवय आहे सगळ्यांना.

ते खाली आलं नाही.

मी वाट बघितली. काजलच्या बांगड्या किणकिणल्या, त्यांचा आवाज घुमला. तिनं नाक ओढलं, तेही घुमलं. माझं वाक्यच तेवढं वर गेलं आणि तिथंच राहिलं. कुणी हातातली अक्षत घेऊन मूठ मिटावी तसं.

तेवढ्यात कुठल्याशा कोनाड्यातून एक पारवा फडफडत माझ्या कानावरून गेला. मी किंचाळले आणि बाहेर पळाले.

आणि चपला.

४

बागेची निगा सोनीबाई ठेवते. पन्नाशीची, बारीक, कमरेला पदर खोचलेली. ती फाटकाजवळच्या खोपीत राहते. ती आमच्याकरता तांब्या घेऊन आली. काजल घटाघट पाणी प्यायली आणि माझी फजिती रंगवून सांगायला लागली.

"पारवाले भ्यायनी ही! नाशिकले काय शिकाडतस काय माहीत."

सोनीबाईही हसली. मी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "तुम्ही आत फार छान झाडलंय हो."

"आत?" ती म्हणाली. "मी आज आत नही गयी वं. मन्हा खराटा दोन दिवस झाले, तुटेल शे. ते देख." खोपीच्या भिंतीला एक खराटा टेकलेला होता, दोरी सुटलेला, काड्या पसरलेल्या.

"मग माझ्या चपला तुम्ही..."

"कसन्या चपला?"

मी दाखवल्या. काय झालं ते सांगितलं. सांगताना मीच हसण्याचा प्रयत्न करत होते. पण सोनीबाईनं तांब्या खाली ठेवला.

"तू बोलावनी. आनि जबाब?"

"नाही दिला. तो पारवा..."

"जबाब नही दिन्हा?" ती दाराकडे बघत हळू बोलायला लागली, घरात कुणी निजलेलं असावं तशी. "आतेच जाय. बोलीसन ये. जिनी हाक मारी, तिनीच जबाब देवाना ऱ्हास. दुसरानी नही."

"नाही दिला तर?"

तिनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, मग काजलच्या पोटाकडे, आणि तांब्या उचलला. "मी हापशीवर जाई येस. तवलग बोली टाक." आणि खरंच गेली. पाठीमागं न बघता, भरभर.

मी एम.ए. आहे. मी स्वतःला सांगितलं, आवाज परत न येण्याला कारण असतं. हवा तापते, पारव्यांची घरटी असतात, छताला भेग गेली असेल. चपला कुणी गुराख्यानं सरकवल्या असतील. खराटे गावात शंभर असतात. मी हे सगळं मनात ओळीनं लावलं आणि तरी माझे पाय पायरीवरून उठेनात.

५

"मी जाऊ का?" काजल म्हणाली.

"तिनं सांगितलं, माझंच..."

"तिनी सांगं, तिनी सांगं. तुले तं कशानंबी भ्याव वाटस, रंजू. दोन तं शब्द शेतस." तिनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "नाना आले की तू हे घरी जाईपर्यंत चघळशील, रात्री झोपणार नाहीस. मला माहीत नाही का? बस इथं. मी तुझ्या नावानं सांगते."

मी नको म्हणायला हवं होतं. मनगटावर सिंधुबाईंची बोटं होती. पाचवा महिना, हे ऊन, आणि सोनीबाई स्पष्ट म्हणाली होती, दुसऱ्यानं नाही. मला सगळं आठवत होतं आणि मी बसून राहिले, कारण तिनं जावं असंच मला वाटत होतं. ते मी लपवणार नाही.

काजलनं फोनचा टॉर्च लावला आणि चपला काढल्या. पुन्हा आधीच्याच जागी, तोंडं दाराकडे. ती वाकली आणि आत गेली. टॉर्चचा पांढरा उजेड जाळीमागून सरकताना दिसला. मग तिचा आवाज आला, मोठ्यानं, नाटकी, मला ऐकू यावा म्हणून.

"बीबी वं! रंजू म्हनस, पुढला सालले येसू!"

ते घुमटात फिरलं. मी बोटं आवळून ऐकत होते. सावकाश खाली आलं. पूर्ण. मी श्वास सोडला.

मग आत काही बोलणं झालं. एका माणसाचं की दोघांचं ते सांगता येणार नाही, त्या घुमटात एकाचेही दोन होतात. काजल गप्प राहूच शकत नाही, हेच मी तेव्हा मनाशी म्हटलं.

मग ती बाहेर आली.

६

पदर डोक्यावरून घेतला होता. ऊन होतं, घेणारच. ती माझ्याजवळ थांबली नाही. पायऱ्या उतरून हौदाला वळसा घालून सरळ झोक्याकडे चालत गेली. तिला झोक्याचं वेड आहे, हे खरंय.

"काजल, चपला!"

ती अनवाणी होती. त्या फरशीवर मघाशी आम्ही दोघी उड्या मारत गेलो होतो. ती चालत होती एक एक पाऊल टाकत, गवतावरून चालावं तशी.

मी तिच्या चपला उचलून चार पावलं गेले. "झोक्यावर नको बसू, ऐक ना. डॉक्टर काय म्हणाले?"

ती बसली. पाठ माझ्याकडे. दोर कुरकुरला, फांदी हलली, आणि झोका हळूहळू भरायला लागला. तीच लिंबू रंगाची साडी, तीच ती, पाठीवर घामाचा डाग. मी डोळे भरून बघत होते, सगळं बरोबर आहे हे पटावं म्हणून, आणि सगळं बरोबर होतं. फक्त ती बोलत नव्हती. नवापूरपासून न थांबलेलं तोंड बंद होतं. ती काहीतरी गुणगुणत होती, पण ते गाणं आमच्याकडचं नव्हतं.

रागावली असेल. मी तिला माझ्या जागी पाठवलं म्हणून. थकली असेल. उष्माघातात माणूस विचित्र वागतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. पाणी द्यायला हवं.

"काजल."

झोका पुढे गेला.

"काजल, इकडे बघ ना."

झोका मागे आला, माझ्या दिशेनं, आणि पाय मागे दुमडले गेले तेव्हा मला तिचे तळवे दिसले. काजल सकाळपासून वाटेवर होती. स्टेशन, काळी-पिवळी, फाट्यापासूनची फुफाट्याची वाट. चपला काढल्या तेव्हा तिचे तळवे मातीनं लाल होते आणि डाव्या टाचेला भेग होती, तिला त्याचा त्रास होतो. हे तळवे पांढरे होते. धुतलेले पांढरे नव्हेत. कधी उन्हात, रस्त्यावर पडलेच नाहीत अशा पायांसारखे. बाळाच्या पायांसारखे.

झोका पुढे गेला. मी पुढे गेले नाही.

आणि माझ्या मागं, घुमटाच्या आत, कुणीतरी झाडायला लागलं होतं. सर्र. सर्र. सावकाश, भिंतीच्या कडेनं. मी हापशीकडे बघितलं. सोनीबाई फाटकापलीकडे हापशीचा दांडा खालीवर करत होती, पाठमोरी.

७

हॉर्न वाजला. मी एवढी दचकले की हातातल्या चपला पडल्या.

नानांची पिकअप फाटकाशी उभी होती. झोका थांबला. ती उतरली, पदर सारखा केला आणि फाटकाकडे चालायला लागली. सोनीबाई तिला बघून बाजूला सरली आणि तिनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं, नानांना ओरडून सांगणार होते. पण काय सांगणार होते? की काजलचे पाय स्वच्छ आहेत?

पिकअपचं दार उघडलं, बंद झालं. काचेतून लिंबू रंग दिसला. नाना खाली वाकून फाटकाशी ठेवलेली तिची बॅग मागे टाकत होते, तिला काहीतरी विचारत होते, नेहमीसारखेच.

मी मागे सरत पायरीवर आले होते. फाटक पन्नास पावलांवर, दार दोन पावलांवर. मी दाराकडे तोंड करून हाक मारली.

"काजल?"

झाडणं थांबलं. माझी हाक वर गेली आणि या वेळी खाली आली, पुरी, माझ्याच कापऱ्या आवाजात. बाकी काही नाही.

"काजल!" मी पुन्हा ओरडले. जाळीमागं पांढरा उजेड नव्हता. फक्त अंधार, आणि ओल्या मातीचा वास. सडा टाकल्यावर येतो तसा.

मग मला फोन आठवला. आत जाताना फोन तिच्या हातात होता. बाहेर येताना तिचे दोन्ही हात पदराशी होते, मोकळे. मी तिचा नंबर लावला. पायरीवर रेंजची एकच दांडी येते. ती आली.

रिंग वाजली. मी पिकअपकडे बघत होते, देवा तिकडे वाजू दे, तिकडेच वाजू दे, म्हणत होते.

ती आत वाजली. तिचं ते सनईचं रिंगटोन, दाजींनी हौसेनं टाकून दिलेलं. घुमटात एका सनईच्या दहा सनया झाल्या, लग्नघर असावं तशा. जाळीमागं खाली, फरशीजवळ, एक निळसर उजेड लागला. त्यात मला एक हात दिसला. हिरव्या बांगड्या, ओळखीच्या. खराटा भिंतीला नीट टेकवून ठेवणारा.

"चाल वं रंजू!" नाना फाटकातून ओरडले. "काजल गाडीमा बठी गयी कवयनी! तू कोनी वाट देखी ऱ्हायनी?"

मी हललेही नाही. फोन कानाला लावून उभी होते. खाली नजर गेली. काजलच्या चपला, मी बागेत टाकलेल्या, पायरीपाशी होत्या. जोडीनं, नीट, तोंडं दाराकडे.

सनई थांबली. तिनं फोन उचलला.

"घर सुनं टाकीसन कशी येऊ, रंजू?" काजल म्हणाली. दमलेली, प्रेमळ, कामात असलेल्या बाईच्या आवाजात. "तुम्ही व्हा पुढे. मी पुढला सालले येसू."